आई-बाबांच्या कंप्यूटरसाठी कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरीला. आई-बाबा इंदूरला राजेंद्र नगरात, सोबत धाकटा भाऊ, वहिनी आणि नववीतला पुतण्या. घरात आठ-नऊ वर्षांपूर्वीचा विंडोज १० चा डेस्कटॉप. बाबा बहात्तरचे, पेन्शन आणि वीजबिल त्यावरच बघतात. आई कीर्तनं ऐकते, पुतण्या गेम खेळतो. दुकानदार म्हणतो, "याच मशीनवर विंडोज ११ टाकून देतो, वर तीन वर्षांचा अँटिव्हायरस घ्या, मग बघायला नको." दिवाळीत दोन दिवस घरी येणार आहेत. तेवढ्यात काय काय करून घ्यावं?

इंदुरात घरगुती कंप्यूटर सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि निम्म्याहून अधिक घरं ज्येष्ठांची आहेत. म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागाहून. अँटिव्हायरस विकत घेऊ नका. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा स्वतःचा अँटिव्हायरस आधीपासून आहे, फुकट आहे आणि घरच्या वापराला पुरतो. तुमचे दोन दिवस बाबांचं ईमेल खातं, घरातल्या फोटोंची दुसरी प्रत आणि घरच्यांशी निवांत बोलणं, एवढ्यात घाला. घरातला पैसा हल्ली व्हायरसमुळे क्वचित जातो. कोणीतरी फोनवर घाई करतं आणि आपलाच माणूस आपल्याच हाताने दार उघडतो, तिथे जातो.

आता मशीन. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे आपोआप अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोजचा परवाना मूळ असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची सोय दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही लागत नाहीत. एवढं पहिल्याच दिवशी करून टाका, पुढचं ठरवायला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

दुकानदार "११ टाकून देतो" म्हणतो, त्याला एकच विचारा: मशीन पात्र आहे का? विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट अ‍ॅप दोन मिनिटांत हो किंवा नाही सांगतं. नाही म्हणालं तरी पळवाटा काढून विंडोज ११ बसवता येतं, आणि दुकानात नेमकं तेच करतात. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच हातचं जातं. मशीन पात्र नसेल आणि नवं घ्यायचं नसेल, तर माझा सल्ला लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायच्या एका फुकट प्रणालीचा. बाबांचं काम ब्राउझरमध्येच असतं: बँक, वीजबिल, ईमेल, युट्यूब. हे सगळं मिंटवर नीट चालतं, मराठी टायपिंगही होतं. पुतण्याचे गेम मात्र बरेचसे चालणार नाहीत, ते घरात आधी सांगा म्हणजे नंतर रुसवे-फुगवे नकोत.

मूळ परवान्याचा मुद्दा मी सहज घातलेला नाही. आपल्याकडे जुळवून दिलेल्या कितीतरी मशीनवर विंडोज आणि ऑफिस 'अ‍ॅक्टिवेटर' म्हणजे परवाना न घेता ते चालू करणारं चोरटं सॉफ्टवेअर वापरून चालू केलेलं असतं. हा अ‍ॅक्टिवेटर चालायला डिफेंडर आड येतो, म्हणून बसवणारा मुलगा आधी डिफेंडरला गप्प करतो. तुम्ही स्वतः बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरसच्या संरक्षणाच्या सेटिंग्जमध्ये खाली जा आणि 'एक्स्क्लूजन्स' म्हणजे वगळलेल्या जागांची यादी उघडा. ती रिकामी असायला हवी. मी अशा घरांत गेले आहे जिथे त्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह होता. डिफेंडर चालू, हिरवी खूण झळकते आहे, आणि प्रत्यक्षात तो कशाकडेच बघत नाही. अशा मशीनवर वरून कितीही महागडा अँटिव्हायरस घातला तरी माझा त्यावर भरवसा बसणार नाही. फोटो आणि कागदपत्रं काढून घ्यायची, डिस्क कोरी करायची आणि सगळं नव्याने बसवायचं. मधला मार्ग शोधत बसू नका.

"अपडेटनी मशीन स्लो होतं" म्हणून अपडेट बंद करून देणारेही भेटतात. त्यांना २०१७ ची गोष्ट सांगावी. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं खंडणीचं, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं, सॉफ्टवेअर जगभर पसरलं, ब्रिटनमधली इस्पितळंसुद्धा ठप्प झाली. ज्या भोकातून ते शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी दोन महिने ते घेतलं नाही ते सापडले. संध्याकाळी पाच-दहा मिनिटं मशीन अडून बसलं तर बसू द्या, बाबांना तेवढ्यात चहा घेऊ द्या.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, तिथे सावकाश जा.

बाबांचं जीमेल उघडा आणि पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवण्यासाठी कोणता मोबाइल नंबर दिला आहे ते बघा. फार वेळा तिथे जुनं, केव्हाच बंद पडलेलं सिम निघतं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून कंपन्या दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकतात. म्हणजे बाबांच्या ईमेलची किल्ली उद्या कोणा अनोळखी माणसाच्या खिशात असू शकते. आणि ईमेल हातात आलं की बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. नंबर आजचा करा. दुसरा ईमेल तुमचा द्या. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपलाही दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे सहा आकडी पिन असतो, तो आईच्या आणि बाबांच्या दोघांच्याही फोनवर लावा. "चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, जरा सांगता का" असा निरोप ओळखीच्या माणसाच्या नावाने आला तरी तो कोड द्यायचा नाही. त्या माणसाचं खातं तोवर चोरीला गेलेलं असतं आणि पुढचा नंबर आपला असतो.

पासवर्डबद्दल माझं मत थोडं वेगळं वाटेल. ज्येष्ठांना मी वही ठेवायला सांगते. जाड पुठ्ठ्याची, कपाटात राहणारी, कंप्यूटरच्या टेबलावर कधीच न येणारी. रशियात किंवा झारखंडात बसलेला चोर राजेंद्र नगरातलं कपाट उघडू शकत नाही. पण पाच ठिकाणी एकच पासवर्ड असेल तर एका संकेतस्थळाची चोरी झाली की पाचही जातात. तुम्ही स्वतः पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर उत्तमच, बाबांवर तो लादू नका. पासवर्ड लांब असू द्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले की झालं, जसे बत्ता, खिडकी, सराफा, मोगरा. हे चार मात्र घेऊ नका, आता ते छापून झाले. नातवाचं नाव आणि जन्मसाल तर नकोच नको. दर तीन महिन्यांनी बदलायचाही जाच करू नका. अशा सक्तीने माणसं शेवटी एक आकडा वाढवत जातात, बाकी काही साधत नाही.

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर बाबांचाच राहू द्या. परगावची मुलं काळजीपोटी स्वतःचा नंबर घालतात, मग ओटीपी पुण्यात येतो, तुम्ही मीटिंगमध्ये असता, आणि "ओटीपी फोनवर सांगायचा" ही सवय घरातच लागते. हीच सवय पुढे चोराच्या कामी येते. त्यापेक्षा व्यवहाराची सूचना ईमेलने तुम्हालाही येईल असं करा.

बँकेचं पान गूगलवर शोधून उघडायचं नाही, हे पक्कं करा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर न्यायला सांगितलं, कारण हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बाबांच्या बँकेचा तो पत्ता एकदा बरोबर टाइप करा, बुकमार्क करा आणि "इथूनच जायचं" असं दाखवून ठेवा. ग्राहक सेवेचा नंबरही गूगलवर शोधायचा नाही. डेबिट कार्डाच्या मागे असतो तोच खरा.

आता एक प्रसंग सांगते, कारण तो बाबांना सांगितलात तर नियमांपेक्षा जास्त लक्षात राहील. सुदामा नगरातले एक काका प्रिंटरचं ड्रायव्हर शोधत होते. एका दुव्यावर क्लिक केलं आणि पडदाभर निळा इशारा आला. मोठ्याने भोंगा वाजतोय, इंग्रजीत बाई सांगते आहे की तुमच्या कंप्यूटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. खाली मायक्रोसॉफ्टचं चिन्ह. खिडकी बंद होईना, माउस हलेना. काकांनी फोन लावला. समोरचा अदबीने हिंदीत बोलत होता. त्याने एक 'मदतीचं' अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं, त्यावरचे आकडे विचारले आणि काकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. मग म्हणाला, "आता बँकेचं पान उघडा, तिथे व्हायरस पोचलाय का बघू." काकू स्वयंपाकघरातून आल्या, त्यांना बाण फिरताना दिसला, आणि त्यांनी काहीही न विचारता भिंतीवरचं बटण बंद केलं. त्या वेळी करण्यासारखं त्याहून चांगलं काहीच नव्हतं. पैसे वाचले.

तो इशारा म्हणजे निव्वळ एक वेबपान होतं, पडदाभर पसरवलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी चालेल. असं पान आलं तर एस्केप जरा वेळ दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर काकूंसारखं बटण. परत चालू केल्यावर ब्राउझर विचारतो की मघाची पानं उघडू का, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर तेच पान पुन्हा येतं. आणि त्या काकांच्या बाबतीत जसं झालं तसं कोणी दुरून आत आलेलं असेल, तर ते अ‍ॅप काढून टाकणं पुरत नाही. मशीनचं नेट तोडायचं, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे आणि विंडोज नव्याने घालायचं.

घरी गेलात की ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन' ची परवानगी मिळालेल्या साइटची यादीही उघडा. कोपऱ्यात उठसूट "तुमचं मशीन धोक्यात" म्हणून चिठ्ठ्या येतात, त्यांचं मूळ बहुधा तिथे सापडतं. केव्हातरी कुठल्यातरी पानावर 'अलाउ' दाबलेलं असतं. सगळं काढून टाका, काही अडत नाही.

फोनवर दोन गोष्टी बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, बँकेचं केवायसी, अशा नावाने फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका ही फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते बसलं की एसएमएस वाचू लागतं, ओटीपीसकट. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप बसवण्याची परवानगी असते, ती व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर दोघांसाठी बंद करा. दुसरं, "आज रात्री साडेनऊला तुमची बिजली कापली जाईल" असा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही. बिल भरलं की नाही ते बाबांनी नेहमीच्याच पानावर बघायचं.

व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" म्हणतो, त्याबद्दल आईला वेगळं बसवून सांगा. अशी अटक कायद्यातच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्ये हे स्वतः सांगितलं, त्याचा संदर्भ दिलात तर ज्येष्ठांना पटकन पटतं. आपल्या घरांतली खरी अडचण वेगळीच असते. समोरचा बोलत असताना मधेच फोन ठेवणं या पिढीला उद्धटपणा वाटतो. चोर त्याच सभ्यतेवर जगतात. "मुलाला विचारून सांगतो" म्हणायचं आणि ठेवायचं, याची दोघांकडून खरोखर तालीम करून घ्या. तुम्ही चोर व्हा, आईला फोन करा, तिला फोन ठेवायला लावा. हसतील, पण जमेल.

झेरॉक्सच्या दुकानांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं थांबते. भंवरकुआंच्या बाजूला कोचिंगमुळे ही दुकानं लागोपाठ आहेत आणि पुतण्या तिथे पेनड्राइव्ह घेऊन जातो असं गृहीत धरा. तिथून येताना पेनड्राइव्हमधले फोल्डर 'शॉर्टकट' होऊन येतात, हा जुनाच आजार आहे. ते शॉर्टकट उघडायचे नाहीत, आधी डिफेंडरने तपासून घ्यायचं. पेनड्राइव्ह नको म्हणून लोक आधारची प्रत दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि ती त्याच्या मशीनवर शेकडो लोकांच्या आधार-पॅनबरोबर पडून राहते. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार वापरा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. काम झालं की तिथेच उभं राहून मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा आणि दुकानदारालाही त्याच्याकडची फाइल काढायला सांगा. कोणी दुकानाच्या कंप्यूटरवर स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन तो जोड तोडा.

पुतण्याला वेगळं खातं द्या, साधं, अ‍ॅडमिन म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करण्याचे अधिकार नसलेलं. खरं तर बाबांचं रोजचं खातंही साधंच असावं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड भावाकडे. मुलं गेममध्ये पुढे जाण्यासाठी 'चीट' आणि 'मॉड' उतरवतात, त्यात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारी सॉफ्टवेअरं फार असतात. तो बाबांच्याच खात्यात खेळत असेल तर गेम त्याचा आणि पासवर्ड बाबांचे. फाइलींच्या नावाचे शेवट दिसतील अशी सेटिंग एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये चालू करा आणि पीडीएफच्या पुढे ईएक्सई लिहिलेलं म्हणजे ती पीडीएफ नसून सॉफ्टवेअर आहे, हे त्याला दाखवा. नववीतला मुलगा हे एकदा बघितलं की आयुष्यभर विसरत नाही, वर आजोबांनाही तोच शिकवतो.

वायफायच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्डशिवाय बटण किंवा पिनने जोडण्याची सोय बंद करा. तंत्रज्ञ बऱ्याचदा घरमालकाचा मोबाइल नंबरच वायफायचा पासवर्ड ठेवून जातो, तोही बदला.

दुसरी प्रत. एक टीबीची बाहेरची डिस्क घ्या, फोटो आणि कागदपत्रं त्यावर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण खंडणीचं सॉफ्टवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं, आणि पावसाळ्यात वीज पडून मशीन गेलं तर जोडलेली डिस्कही जाऊ शकते. बाबांना तारीख लक्षात राहावी म्हणून पेन्शन जमा होईल त्या दिवशी बॅकअप, असं मी सांगते. गूगलची फुकटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, ती कधीच भरते. तिच्यावर एकट्यावर विसंबू नका.

इतकं करूनही पैसे गेले तर काय, हे आत्ताच ठरवून भिंतीवर चिकटवा. पहिला फोन १९३० वर, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे. लगोलग बँकेत. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जात असतात, ते मधेच गोठवता येतात ते लवकर कळवलं तरच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आणलेल्या नियमाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची असेल, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी त्याच क्षणी कळवायचं.

आणि इथेच घरं चुकतात. बाबा दोन-दोन दिवस सांगत नाहीत, कारण मुलगा ओरडेल, सून काय म्हणेल. दिवाळीत सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः सांगा की काहीही झालं तरी कोणी कोणाला बोलणार नाही, आधी १९३०. भाऊ आणि वहिनीकडूनही हे कबूल करून घ्या. तक्रारीचा क्रमांक पासवर्डच्या त्याच वहीत लिहा. पुढच्या काही दिवसांत "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी एवढी फी भरा" असा फोन आला, तर तोही चोरच. फोन ठेवायचा आणि तोही नंबर तक्रारीत जोडायचा.